सगळ्या किल्ल्यांनी उघडणारं कुलूप

किल्लीवाले काका आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले, तेव्हा त्यांचं सामान खोक्यांत होतं. महिना होत आला तरी ते खोक्यांतच होतं. काकू सोडू देत नव्हत्या. दोन कप, दोन ताटल्या आणि एक पातेलं एवढ्यावर संसार चालला होता.

काकूंचं म्हणणं सरळ होतं. मुलीजवळ राहायचं म्हणून चाळीस वर्षांचा शेजार सोडला. मुलगी सकाळी कामावर जाते ती संध्याकाळी उगवते. तोवर भिंतींशी किती बोलायचं? महिन्याभरात एक जरी शेजारी चहाला आला तर खोकी सोडायची. नाहीतर आहेत तशी उचलायची आणि परत जायचं. काकांना मुलीला सोडून जायचं नव्हतं. पण माणसांना घरी बोलावायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जन्मभर माणसंच त्यांच्याकडे येत आली होती, किल्ली हरवली म्हणून.

मी वरच्या मजल्यावरचा. मी रोजच चहाला जात होतो. काकूंनी मला मोजलं नाही. तू कुणाकडेही चहा पितोस, म्हणाल्या. ते खरं होतं.

एकोणतिसाव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, काकांनी इमारतीच्या मुख्य दाराचं कुलूप काढलं. ते त्यांना पहिल्या दिवसापासून सहन होत नव्हतं. जो तो किल्ली घालून दार गदागदा हलवायचा. सेक्रेटरींना विचारलं, तर ते ‘बघा काय ते’ म्हणाले. काकांनी आतल्या झिजलेल्या पिना बदलल्या, तेल सोडलं, कुलूप परत बसवलं. नवी किल्ली लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. काका खूश होऊन घरात गेले.

एवढंच विसरले की नवी किल्ली एकच होती, आणि ती त्यांच्या खिशात होती.

दहाच्या सुमारास बाजारातून परतणारे दाराबाहेर साचू लागले. हाका ऐकून काका धावले. दार उघडलं आणि चूक कबूल केली. काकूंनी कपाळाला हात लावला.

“झालं. हात दाखवून अवलक्षण. शेजारी यावेत म्हटलं होतं, भांडायला नव्हे.”

काकांनी सगळ्यांना घरात बसवलं. नव्या किल्ल्या लगेच करून देतो म्हणाले. खुर्च्या दोनच, म्हणून माणसं खोक्यांवर बसली. जुन्या किल्ल्या टेबलावर निघाल्या आणि मी चाट पडलो. नर्सबाईंची किल्ली त्यांच्या आधीच्या घराची होती. मास्तरांची स्कूटरची. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी पिशवीतून चमचा काढला. त्या दांड्याने उघडत. सेक्रेटरींचा हात खिशातून निघेना. शेवटी निघाली ती सासूबाईंच्या कपाटाची किल्ली. अकरा वर्षं ते तिनेच येत-जात होते.

“म्हणजे आपल्या दाराला कुलूप नव्हतंच,” नर्सबाई म्हणाल्या.

“होतं की,” सेक्रेटरी म्हणाले. “दिसायला.”

काकांची कामाची एक रीत आहे. माणसाने किल्ली फिरवून दाखवल्याशिवाय ते कानस उचलत नाहीत. हात कोणता, घाई किती, किल्ली खिशात राहते की पिशवीत, सगळं विचारतात. मास्तरांनी अशी काही फिरवली की काकांनी जाड किल्ली निवडली, आणि घरी येताना रोज रागात असता का, असं विचारलं. मास्तर विचारात पडले. त्यांची बायको पडली नाही. ती लगेच हो म्हणाली. तिथून जी हसाहस सुरू झाली ती थांबेना. एका किल्लीला पाव तास लागत होता. घरं सोळा. उठून कुणी जाईना.

तिसऱ्या किल्लीला आजींनी विचारलं, “काय गं, चहा करतेस का जरा?”

काकूंनी दोन कपांकडे बघितलं. मग माणसांकडे. मग सेक्रेटरींना म्हणाल्या, “जरा उठता का? कप तुमच्या खाली आहेत.”

गाठ काकांच्या हातची. सुटेना. काकूंनी सुरी आणली आणि दोरी कापली. एकदा नाही, चारदा.

काकांची कानस थांबली. “अगं, चांगली दोरी होती ती. परत बांधायला लागली तर?”

“कशाला लागेल?” काकू खोक्यात हात घालत म्हणाल्या. “तुम्ही आजींची किल्ली आधी करा. तो चमचा मला साखरेला हवाय.”