तिने एकदाच वळून पाहिलं

सई, ईशान — तुमची आजी अंगारे-धुपारे करणारी नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवली, आणि असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की चहा टाकायला उठून गेले. आता मात्र मलाच एक सांगायची आहे. आपल्या माजिवड्याच्या घरातली, हॉलमधली, भर दुपारची.

आजोबांचा आणि माझा एक लाडका सिनेमा होता. जुना, हॉलिवूडचा, गाण्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं शहर, गॅसचे दिवे, बर्फ, नाटक कंपनीतली गायिका आणि तिच्यासाठी पियानो वाजवणारा गरीब मुलगा. शेवटी ती त्याला सोडून घोडागाडीतून निघून जाते. वाद्यं थांबतात, नुसत्या टापा ऐकू येतात, आणि कॅमेरा तिच्या पाठीवर राहतो... ती वळत नाही. मला वाटायचं, सगळा सिनेमा त्या न वळण्यात आहे. ते कुठल्याच गाण्यात मावलं नसतं.

आजोबांना हे कधी पटलं नाही. ते कोलशेतच्या कारखान्यात जायचे तेव्हा कोपऱ्यावर पोचले की वळून हात करायचे, मी गॅलरीतून करायचे. भांडण झालेलं असलं तरी. त्यामुळे शेवट आला की दर वेळी म्हणायचे, "काय बाई आहे! एवढी गाणी म्हटली, आणि मान वळवायला होत नाही?"

"तुम्हाला कला कळत नाही."

"नसू दे. माणसं कळतात."

मागच्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढे पुढे खाणंही सोडलं. पेजेचा चमचा ओठांना लावला की तोंड मिटायचे. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, खडवलीहून त्यांच्या बहिणीला बोलावून घेतलं... ते नुसते खिडकीकडे बघत राहायचे. आणि मी चमचा हातात धरून बसायचे. दुसरं काय करणार?

म्हणून त्या दुपारी सिनेमा लावला. गाण्यांच्या नादात निदान दोन घास जातील. त्यांना सांभाळायला मंदा यायची, कोलशेत गावातली. ती त्यांचे तळवे चोळत बसली होती. त्यांनी तोंड काही उघडलं नाही, पण पाहत होते. शेवट आला. वाद्यं थांबली, टापा सुरू झाल्या...

आणि ती वळली.

मान वळवून तिने सरळ आमच्याकडे पाहिलं आणि हातमोज्यातला हात वर केला. माझ्या डोळ्यांच्या कडेला काही हललं — आजोबांनी डावा हात पांघरुणातून काढून वर केला होता.

मंदाने तो सिनेमा जन्मात पाहिला नव्हता. तळवे चोळता चोळता ती सहज म्हणाली, "आजी, ती बाय वलून कोनाला हात करत होती?"

त्यानंतर त्यांनी आपणहून तोंड उघडलं. वाटीभर पेज घेतली. मला वाटलं, आता हे राहतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

त्यांना नेलं तेव्हा मी गॅलरीत उभी राहिले. गाडी कोपऱ्यावर पोचली तेव्हा माझा हात सवयीने वर गेला.

तुमच्या बाबांना फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुझी कित्येक दिवस झोप झालेली नाही." खरं आहे. पण मंदाची तर झाली होती!

तीच डिस्क मी नंतर पुन्हा पुन्हा लावली. ईशान, तू तिकडून नवी स्वच्छ प्रत पाठवलीस, तीही लावली. ती वळत नाही. का वळली होती, मला ठाऊक नाही, आणि हे विचारायचं तरी कुणाला? त्याहून एक गोष्ट मला छळते. आजोबांनी केलेला तो हात तिला होता की मला... मी टीव्हीकडे बघत होते.

मंदा आता दुसरीकडे कामाला जाते, पण येता-जाता डोकावते. ती आली की मी सिनेमा लावते. शेवट आला की टीव्हीकडे बघत नाही, त्यांच्या पलंगाकडे बघते. टापा लांब जातात. मग मंदा हळूच सांगते, "नाय वलली, आजी."