पंचफुलाबाईचा पुरावा

शेतीच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतातच. मी कृषी सहायक, केनवडच्या बाजूच्या गावांत फिरणारा. पूर्वी चहावर हे किस्से निघाले की आम्ही पोट धरून हसायचो. आता ऊन वाढलंय, पावसाचा काही नेम राहिला नाही, आणि किस्सेही तसेच वाढलेत. फक्त आता हसू येत नाही, डोकं फिरतं! तरी सांगतो.

*

वाशीमला कार्यशाळा होती. विषय, 'वाढते तापमान : कारणे व परिणाम'. हॉलमध्ये एसी इतका गार की आमचे साहेब सत्काराची शाल पांघरून बसले! समोर पडद्यावर बर्फ वितळत होता आणि आम्ही हात चोळत बघत होतो.

शेतकऱ्यांनाही बोलावलं होतं, पण ते व्हरांड्यात. नाश्ता झाल्यावर त्यांना आत घेणार होते. साहेबांनी आमच्या शिपायाला, गुलाबरावला, विचारलं, "शेतकरी का दिसत नाहीत?"

गुलाबराव म्हणाला, "कशे दिसतीन साहेब? तुमच्या एसीचं डबडं त्यायच्याच डोक्शावर हाये. इथली सारी गरमी त्यायच्या अंगावर सोडून राह्यलं ते. अर्धे तं घरी गेले!"

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "दार लावून घे. थंडी बाहेर जातेय."

*

आमच्या रस्त्यावर चिंचेची मोठमोठी झाडं होती. रस्ता रुंद झाला, झाडं गेली. मग उन्हाळ्यात वरून फर्मान आलं, लोकांना जागरूक करा. आम्ही झाडं गेली तिथंच बोर्ड लावला : 'उष्माघात टाळा. दुपारी झाडाच्या सावलीत थांबा.' जागा कोणी निवडली? मीच!

एका दुपारी पाहतो, तर एक म्हातारा त्या बोर्डाला टेकून बसलेला. सावली सरकली की तोही सरकायचा. मी गाडी थांबवून विचारलं, "बाबा, इथं कुठं बसलात?"

"काहून? बोर्डावर लिवलं नाही का तुमी? झाड तोडलं, मंग बोर्डाच्या सावलीत बसलो. आता हा कवा तोडता तेवढं सांगजा!"

मी गाडीला किक मारली आणि निघालो.

*

साहेबांना शिव्या द्यायच्या तर स्वतःलाही द्याव्या लागतात. गावोगाव फिरून मी सांगायचो, उन्हाळ्यात धुरे पेटवू नका. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. लोक गवत जाळतात, त्यात पळस जळतो, बाभळी जळतात, पाखरांची घरटी जळतात. एकदा पारावर असाच रंगात येऊन बोलत होतो. जाळ केला की हवा कशी तापते, सगळं हातवारे करून.

मागून एक जण म्हणाला, "साहेब, तो तिकडं जाळ दिसून राह्यला नं, ते तुमचंच वावर हाये."

माझंच होतं! सख्ख्या भावानं पेटवलं होतं. घरी जाऊन मी काय केलं? जेवलो आणि झोपलो.

*

आता पंचफुलाबाई. केनवडच्या पुढच्या एका गावात ती ग्रामपंचायत झाडते. नवरा नाही. नाल्याकाठी दीड एकर काळी जमीन, त्यावर तिचा आणि लेकीचा संसार. गावाचं नाव सांगत नाही, लाज वाटते.

मार्चमध्ये गारा पडल्या. आता मार्चमध्ये गारा पडतात, त्याचंही कुणाला नवल राहिलं नाही. बाईचा बीजवाईचा कांदा, म्हणजे बियाण्यासाठी ठेवलेला, फुलावर होता. सगळा झोपला. ती ऑफिसात आली, तर साहेब म्हणाले, "गारा पडल्याचा पुरावा काय? फोटो आहे?"

बाईकडे साधा फोन. ती परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गारा पडल्या तशी बादलीभर घेऊन ऑटोनं आली! साहेब जेवायला गेलेले. तीन वाजता आले, तेव्हा बादलीत नुसतं पाणी.

"हे पाणी आहे," साहेब म्हणाले.

"तुमी जेवाले गेलते तवा गारा व्हत्या जी," बाई म्हणाली.

अर्ज नामंजूर!

*

एप्रिलमध्ये तिच्याच ग्रामपंचायतीच्या आवारात पाऊस मोजायचं मशीन बसलं. खांबावर पांढरं नरसाळं, खाली डबा. बाईनं मला विचारलं, "हे कायचं हो, भाऊ?"

मी म्हणालो, "हाच आता तुमचा पुरावा. पाऊस जास्त पडला, वावर खरवडून गेलं, तर हे मशीन सांगेल. कागद नको, फोटो नको. जपा त्याला."

तिनं त्या मशीनला हात जोडले. खरंच जोडले.

मे महिन्यात साहेब तपासणीला आले. मशीनशेजारी उभं राहून फोटो काढला, बाईला म्हणाले, "वा! किती छान जपलंय. असंच ठेवायचं." मी गाडीतून उतरलोच नाही. बाहेर आग होती आणि गाडीत एसी चालू होता.

*

मृग कोरडा गेला. आर्द्रा नक्षत्रही अर्धं कोरडं. मग एका दुपारी असं आभाळ फुटलं की पंधरा दिवसांचा पाऊस तासाभरात पडून गेला. नाला फिरला आणि पंचफुलाबाईच्या वावरातून गेला. दीड एकरातली काळी माती गेली, खालचा मुरूम उघडा पडला. आता तिथं गवतही उगवणार नाही.

आम्ही पाहणीला गेलो. चिखल घोट्याच्या वर. साहेबांनी एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरला होता. मोबाईलवर मशीनची नोंद पाहून म्हणाले, "शून्य! इथं पाऊसच नाही पडला."

"मंग हे का दुधाचं पानी हाये?" गुलाबराव ओरडला. माझं तर डोकंच भडकलं. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना म्हणालो, "चला, मशीन बघू!" आणि हात धरून घेऊन गेलो.

नरसाळ्यावर खताची पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, होती. नीट, चारी बाजूंनी, सुतळीनं तीन वेढे देऊन बांधलेली. वर पाण्याचा फुगा साचलेला.

"हे कोणी बांधलं?" साहेब किंचाळले.

पंचफुलाबाई पदरानं हात पुसत पुढं आली. पन्नीवर साचलेलं पाणी तिनं हलकेच खाली ओतलं.

"मीनं बांधलं जी. तुमी मे महिन्यात आलते तवाबी बांधूनच व्हतं. तुमीच तं म्हनले, असंच ठेव. एवढं म्हागाचं मशीन, पान्यात भिजून खराब झालं असतं तं माह्या वावराचा पुरावा कोनं देला असता? एवढ्या पावसात एक थेंब आत जाऊ देला नाही मीनं!"