चुलत्याच्या डोक्यावरचा फेटा

माझ्या लग्नात माझ्या चुलत्याला मानाचा फेटा बांधला. कशाबद्दल? तर वाजंत्री नामी आणली म्हणून! ज्या माणसानं जन्मात कुणाला चिमूटभर तंबाखू दिली नाही, त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा! पुढं कित्येक वर्षं तो आल्यागेल्याला ट्रंकेतून काढून दाखवायचा. मी तो फेटा बघितला की घास घशाखाली उतरायचा नाही.

तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखान्यांची बांधकामं नुकती सुरू झाली होती. वडील जाऊन दोन वर्षं झालेली, आई तिथं घमेली उचलायला जायची. माझं लग्न तळेगावच्या मुलाशी ठरलं, तेव्हा चुलता ओसरीवर मिशीला पीळ देत म्हणाला, "वहिनी, वाजंत्र्याचं माझ्याकडं लागलं. तुमी निर्धास्त ऱ्हावा." आईनं विश्वास ठेवला. मी नाही ठेवला, पण नवऱ्या मुलीला विचारतो कोण?

आमच्याकडं नवरदेव आधी मारुतीच्या देवळात उतरतो आणि तिथून त्याला वाजतगाजत मांडवात आणतात. वाजंत्री नसेल तर लोक म्हणणार, चोरून उरकताय की काय? पोरीत खोट आहे का? आमच्या घराची भिंत देवळाला लागून होती. हळदीच्या अंगानं मी खिडकीला डोळा लावून उभी होते. मुहूर्त जवळ आला तरी सनईचा पत्ता नाही. नवऱ्याचा मामा देवळाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "सनई आली तर नवरदेव उठंल. न्हाई तर आमी गाड्या जुंपतो."

चुलत्यानं कुणाला सुपारीच दिली नव्हती. पोटात कळ आली म्हणून तो जो परसाकडं गेला, तो गेलाच. आई मामाच्या पाया पडली. मामा ढिम्म! नवरदेवाला पायरीवर बसवून तो तळेगावकरांसह वेशीकडं गाड्या जुंपायला गेलासुद्धा. घरी बसलेल्या नवरीला दुसरा मुलगा कोण देणार होतं?

तेवढ्यात सनई ऐकू आली, पण ती आमची नव्हती. गावातल्या बड्या बागाईतदाराच्या मुलाचं लग्न त्याच दिवशी होतं. कारखान्याला जमीन दिल्यापासून या गृहस्थाचे पाय काही जमिनीला लागत नव्हते. त्याचा मुलगा घोडीवर बसून सासुरवाडीला निघालेला, मारुतीला नारळ फोडायला देवळापाशी थांबला. पुढं तीन वाजंत्री होते. म्हातारा सनईवाला, त्याच्या मागं एकच सूर धरून ठेवणारा जोडीदार आणि एक संबळवाला.

आई पदर पसरून बागाईतदारापुढं गेली. "दादा, घटकाभर यांना द्या. इथनं मांडवापर्यंतच."

"सुपारी आमची हाय, बाई," तो म्हणाला. "ऐपत न्हाई तर पोरीला पळून जाऊ द्यायचं."

आणि माणसं हसली! आमच्याच गावची माणसं. ज्यांच्या बाळंतपणांना माझी आई रात्ररात्र बसली होती, ती फेटे सावरत फिदीफिदी हसली. म्हातारा सनईवाला मात्र हसला नाही. त्यानं सनईचं तोंड धोतराच्या सोग्याला पुसलं, घोडीकडं पाठ केली आणि माझ्या नवऱ्यासमोर उभा राहून वाजवायला लागला.

"ए, बंद कर!" बागाईतदार ओरडला. पण आमच्या भागात एक समजूत होती. देवळात नवरदेवापुढं धरलेला सूर मांडवात पोचेपर्यंत तोडायचा नाही, तोडला तर तो नवरदेवाला भोवतो. तिथं तर दोन नवरदेव! बागाईतदाराची बायको किंचाळली, "अवो, नका थांबवू! माझ्या लेकाला भोवंल!" झालं. माझा नवरा चालू लागला आणि संबळीच्या ठेक्याला सवकलेली ती घोडी बागाईतदाराच्या लेकाला घेऊन त्याच्या मागोमाग निघाली. तोंडात मारल्यासारखी ती सगळी वरात आमच्या मांडवाशी आली. सनई ऐकून वेशीकडनं धावत आलेल्या तळेगावकरांचे डोळे दिपले. केवढा हा थाट!

अक्षता पडल्या आणि चुलत्याची कळ थांबली. तोंड पुसत येऊन म्हणतो कसा, "माझ्या शब्दाखातर बागाईतदारांनी वरात वळवली, राव!" खरं सांगायला बागाईतदार होता कुठं? तो वाजंत्र्यांना "पुन्हा दारात दिसू नका" म्हणून शिव्या घालून, वाजंत्र्यांशिवायच तणतणत निघून गेला होता. गावकऱ्यांना जेवणाची घाई. मामानं चुलत्याला फेटा बांधला.

ते तिघं मांडवाबाहेर उकिरड्याजवळ उन्हात बसले होते. त्यांच्या जातीची पंगत मांडवात बसत नसे. एक पंगत उठली, दुसरी उठली. आई एकदा पत्रावळी घेऊन निघाली, तर फेटेवाला म्हणाला, "आधी पावणे, वहिनी. त्यांचं शेवटी बघू." आई मागं फिरली. मला सगळं दिसत होतं. गावात मी फटकळ म्हणून प्रसिद्ध, चुलत्याला तोंडावर लबाड म्हणणारी. पण मंगळसूत्र गळ्यात पडलं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. सासरचे काय म्हणतील!

उन्हं उतरली तशी माझी बैलगाडी निघाली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते तिघं वेशीपर्यंत पुढं वाजवत आले. वेशीपाशी म्हाताऱ्यानं सनई खाली घेतली. त्याचे ओठ सुकून फुटले होते. "सुखी ऱ्हा, बाई," तो म्हणाला.

चुलत्याला मी जन्मभर शिव्या दिल्या. पण त्या वेशीत चुलता नव्हता, मी होते. शेजारी नवा नवरा बसलेला म्हणून मी मुंडावळ्यांआडून मान वळवली. "जेवलात का?" एवढंही मी त्यांना विचारलं नाही.