गुरुजींनी न मारलेली रेघ

आमच्या वाचनालयात येणाऱ्या माणसाने "आज ऊन फार आहे हो" एवढं म्हणायची खोटी, गुरुजी मान वर न करता विचारत, "कोनं सांगतलं?" नागपूरच्या मे महिन्यात, घामाने निथळत आलेल्या माणसाला हा प्रश्न! नवा माणूस चिडायचा. जुना माणूस सवयीने उत्तर द्यायचा, "मीच सांगून राहिलो गुरुजी, आत्ता सायकलवर आलो ना." मग गुरुजी खूश. "हां, मंग ठीक आहे." पाठीमागे सगळे त्यांना कोनगुरुजीच म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं याचाही त्यांनी महिनाभर शोध घेतला होता म्हणे.

गुरुजी मूळचे कुहीचे. नागपुरात एका प्राथमिक शाळेत शिकवत आणि राहायला प्रताप नगरात, म्हणजे तेव्हाच्या मानाने गावाबाहेर. शाळा सुटली की सायकल हाणत ते आमच्या जुन्या वस्तीतल्या वाचनालयात येत. तिथल्या मागच्या खोलीत लाकडी पेट्यांमध्ये पोस्टकार्डाएवढी पुठ्ठ्याची कार्डं रचून ठेवलेली होती. तो आमचा कोश. आपल्या भागातलं जे जे आहे ते सगळं त्यात यायचं होतं: धानाच्या जाती, तलाव, अवजारं, सणावाराचं खाणं, रामटेकच्या जत्रेत काय काय विकायला येतं ते. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोश करणं हे पंडितांचं काम, असं तेव्हा सगळे धरून चालत. गुरुजींच्या खोलीत मात्र कोणीही यावं, येतं ते लिहावं, आणि दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं तर दुरुस्त करावं, असा कारभार होता.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. वाचनालयात फुकट वर्तमानपत्र मिळतं म्हणून जायची आणि नोकरीच्या जाहिराती उतरवून आणायची. एक दिवस गुरुजी समोर येऊन उभे राहिले. "काय येते तुले?" मी म्हटलं, "काही नाही." तर लगेच, "कोनं सांगतलं?" असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत जाऊन बसले.

नव्या माणसाला ते आठ दिवस लिहू देत नसत. आधी एक चुकीचं कार्ड हातात द्यायचे आणि म्हणायचे, "यात काय चुकलं ते पाय." चूक घरी बसून सापडणारी नसायची. एका कॉलेजच्या पोराला रामटेकच्या गडाच्या पायऱ्या किती, ते कार्ड दिलं. पोरगा एसटीने गेला आणि दोनदा मोजून आला. दोन्ही वेळा आकडा वेगळा. बिचारा रडकुंडीला आला होता. गुरुजी म्हणाले, "दोन्ही लिव. अन् खाली लिव, दुसऱ्या खेपेले मोजणारा दमला होता." ते कार्ड आम्ही तसंच पेटीत लावलं.

विशेषणांशी त्यांचं वैर. पोस्टातले एक कारकून होते. त्यांनी कळवळून लिहिलं, 'आमचे गाव अतिशय सुंदर आहे.' गुरुजींनी चष्मा सारखा केला. "सुंदर कोनाले? तुम्हाले का म्हशीले?" कारकून हसले, मग विचारात पडले, आणि तलाव किती खोल, उन्हाळ्यात कधी आटतो, गुरं कुठल्या काठाने उतरतात, असं लिहून घेऊन आले. गुरुजींनी ते कार्ड सगळ्या खोलीला वाचून दाखवलं. नव्या माणसाला कसं फुलवावं हे त्यांच्याकडून शिकावं. चुकलेल्याला ते कधी चारचौघांत बोलले नाहीत. एका म्हाताऱ्या वैद्यबुवांचं कार्ड एका विद्यार्थ्याने दुरुस्त केलं तर बुवा रुसून घरी बसले. दुसऱ्या दिवशी भर उन्हात गुरुजी सायकल घेऊन त्यांच्या दारात. "कार्ड फाटलं तं दुसरं लिहिता येते," ते आम्हाला म्हणाले, "बुवा कुठून आणू दुसरा?"

आणि त्यांची ती रेघ. त्या खोलीत खोडरबर आणायला बंदी होती, ब्लेडने खरडायला तर सक्त. चूक दिसली की पट्टी लावून तिच्यावरून एकच बारीक रेघ मारायची, अशी की खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहायचं आणि दुरुस्त करणाऱ्याने आपली खूण करायची. मी सुरुवातीला एकदा माझीच एक चूक ब्लेडने गुपचूप खरडून काढली. त्यांनी कार्ड उजेडात धरलं. मला बोलले ते तेवढंच एकदा. "चूक करणारीबी इथंच बसून लिहून राहिली होती ना? तिले काहून गायब केलं?" मग त्यांनी मला ती चूक कार्डावर परत लिहायला लावली आणि तिच्यावर माझ्याच हाताने रेघ मारून घेतली. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती.

प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक ओळ असायची: 'सांगणार'. ज्याच्या तोंडून ऐकलं त्याचं नाव तिथे. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. गुरुजींनी शेकडो कार्डं लिहिली, त्यातल्या एकावरही त्यांचं नाव नव्हतं. "लिहिणारा हमाल असते," ते म्हणत. धानाच्या कार्डांवर 'सांगणार' म्हणून त्यांच्या कुहीच्या वडिलांचं नाव होतं. ते दाखवताना त्यांचा चेहरा एखाद्या पोराच्या चेहऱ्यासारखा व्हायचा.

माझं पहिलं मोठं कार्ड होतं करवती काठाचं. माझे बाबा, श्रावणजी, मागावर बसत. करवतीच्या दात्यांसारखा काठ लुगड्याला कसा येतो, त्याला आडवं सूत नेणारे तीन धोटे का लागतात, काठाचा रंग लुगड्याच्या अंगात का उतरत नाही, हे त्यांच्याइतकं जाणणारी माणसं वस्तीत दोन-चारच उरली होती. पण बाबा सांगेनात. "धंद्याचं कोनी सांगते काय? माह्या बापानं मले सांगतलं नाही, मारून शिकवलं." मी गुरुजींना हे बोलले, तर पुढच्या रविवारी गुरुजी आमच्या घरी. असे तीन रविवार ते मागाच्या खड्ड्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. बाबा हळूहळू बोलते झाले. तिसऱ्या रविवारी गुरुजींनी मी लिहिलेलं कार्ड वाचून दाखवलं. सुताला लावायची खळ किती पातळ असावी ते चुकलं होतं. बाबा म्हणाले, "असं नाही गा." लगेच गुरुजींनी पट्टी काढली, रेघ मारली, शेजारी बरोबर ते लिहिलं. आता खूण दुरुस्त करणाऱ्याची हवी. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीही नाही. गुरुजींनी माझ्याकडून शाईची दौत मागून घेतली आणि त्या रेघेशेजारी बाबांचा अंगठा उमटवला. आमच्या सगळ्या पेट्यांमध्ये अंगठ्याची खूण असलेलं ते एकटं कार्ड.

बाबा कार्डाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, लुगड्यावर शिक्का असते दुकानदाराचा. विणणाऱ्याचं नाव मी आजवर कुठी पाह्यलं नाही. हे छापून येईल, तवा माहं नाव राहीन काय?" गुरुजी म्हणाले, "सांगणार तुम्ही. मंग दुसऱ्या कोनाचं राहीन?"

त्यानंतर बाबांनी वस्तीत सगळ्यांना सांगून ठेवलं. मागवाले थट्टा करत. "काय श्रावणजी, निंगालं का नाही गा तुमचं पुस्तक?" बाबा म्हणत, "निंगते, निंगते. मोठं काम आहे ते." तीन-चार वर्षं हे असंच चाललं.

शेवटी शहरातल्या काही मानकरी मंडळींची समिती झाली आणि पहिला खंड छापायचं ठरलं. मी तोवर एका शाळेत शिकवायला लागले होते, वाचनालयात जाणं कमी झालं होतं. खंड आला त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर धावतच गेले. गुरुजींनी माझी प्रत वेगळी काढून ठेवली होती. मी उभ्या उभ्या करवती काठाचं पान उघडलं. मजकूर सगळा माझा. तीन धोटे, खळ, दाते, सगळं जिथल्या तिथे. खाली 'सांगणार' या ओळीत एका निवृत्त प्राध्यापकांचं नाव होतं, पुढे त्यांच्या पदव्या. हे गृहस्थ समितीवर होते. आमच्या खोलीत ते एकदा चहाला आले होते. माग त्यांनी रस्त्यावरून जाताना पाहिला असेल तर असेल.

मी आधी छापखान्याची चूक समजले. पेटीतून कार्ड काढलं. कार्ड नवंकोरं होतं. गुरुजींच्याच त्या मोत्यासारख्या अक्षरात सगळा मजकूर उतरवलेला, आणि खाली प्राध्यापकांचं नाव. त्यावर ना रेघ होती ना अंगठा. मी कोळणीचं कार्ड पाहिलं, कुंभाराचं पाहिलं, मोहाच्या फुलांचं सांगणाऱ्या म्हातारीचं पाहिलं. सगळी नवी, सगळ्यांखाली समितीतले कोणी ना कोणी.

"गुरुजी, रेघ कुठे आहे?"

ते पट्टी पुसत बसले होते. म्हणाले, "छापखान्याले साफ प्रत लागते वं."

"आणि जुनं कार्ड?"

"काढून टाकलं."

"काहून?" मी ओरडलेच. तोवर मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता.

"समिती म्हणे, मागवाल्याच्या, कोळणीच्या नावावर कोन इश्वास ठेवते? नावं बदला, नाहीतर खंड निंगत नाही. इतके वर्षं या पेट्यांत धूळ खाऊन राहिला होता तो, शकू. मी म्हटलं, नाव गेलं तं गेलं, माहिती तं राहते. अन् मी काय फक्त तुह्याच बापाचं काढलं? धानाचं कार्ड पाय. माह्या बापाचं बी काढलं."

"तुमच्या बापाचं तुम्ही काढलं," मी म्हटलं, "आणि माझ्या बापाचंही तुम्हीच काढलं."

ते पुन्हा पट्टी पुसायला लागले. पुस्तकात त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं, अगदी आभारातही नाही. त्यांनी ते स्वतःसाठी केलं असतं तर मी त्यांना चोर म्हणून मोकळी झाले असते. त्यांनी ते कोशासाठी केलं, आणि म्हणून मला अधिक राग आला. खोडलं असतं तरी मी सहन केलं असतं. रेघेखाली बाबांचं नाव वाचता आलं असतं. या माणसाने मला एक अक्षर खरडू दिलं नव्हतं, आणि स्वतः बसून, शांतपणे, माझा बाप त्या कार्डावर कधी नव्हताच असं केलं होतं.

त्या खोलीत मी पुन्हा गेले नाही. गुरुजींनी दोनदा निरोप धाडला. एकदा रस्त्यात सायकलवरून उतरून थांबले, तर मी पलीकडच्या बाजूने निघून गेले. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी पोचवायला गेले नाही. याचं मला वाईट वाटतं का? वाटतं. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. माझ्या शाळेतल्या पोरांना मी आजन्म 'हे तुला कोणी सांगितलं' असं विचारत आले, आणि दर वेळी तो आवाज त्यांचाच होता, याचाही मला रागच येत आला. पण हा राग मला पुरता करता येत नाही. खंड घेऊन घरी आले त्या संध्याकाळी मी जे केलं, ते आड येतं.

बाबांनी पुस्तक पाहिलं आणि माग थांबवला. हात धुतले, धोतराला पुसले, माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "वाच." मी सगळं वाचलं. तीन धोट्यांपाशी त्यांनी मान हलवली. खळीपाशी म्हणाले, "बरोबर." मग म्हणाले, "अन् खाली?"

मी वाचलं, "सांगणार: श्रावणजी, विणकर, नागपूर." अडखळले नाही.

"कुठी आहे? बोट ठेव माहं."

मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. त्यांनी ते सावकाश पुढे नेलं. प्राध्यापकांच्या पदव्या होत्या, ओळ पानाच्या कडेपर्यंत गेली होती.

"एवढं लांब आहे काय माहं नाव?"

"हो बाबा. पूर्ण लिहिलंय."

ते बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसले. मग आईकडे वळून म्हणाले, "पाह्यलं काय वं? गुरुजी शब्दाचे पक्के निंगाले." मी पुस्तक मिटलं आणि ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ठेवून दिलं, वस्तीतलं कोणी वाचायला मागू नये म्हणून.