सिस्टरसाठी थांबलेली सभा

सिस्टरना काहीही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. चहा घेणार का, एवढं विचारलं तरी त्या जरा वेळ समोर बघत बसत, जणू असला प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच कुणी घातला आहे. मग म्हणत, "घेतो, अर्धा कप." फोनवर तर पंचाईतच. 'हॅलो, हॅलो' करून मी वैतागून फोन ठेवायचे, आणि त्या नेमक्या तेव्हाच बोलायला सुरुवात करायच्या. मी समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देणारी बाई. आमचं दोघींचं जमलं कसं, याचं सौदीतल्या जुबैलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना नवल वाटे.

कंपनीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, म्हणून सगळ्यांच्याच सिस्टर. माहेर अमरावतीकडचं, म्हणून बोलणं वऱ्हाडी; सासर नर्मदेकाठचं एक लहानसं गाव. सासरची माणसं क्वेकर. हा ख्रिस्ती लोकांतलाच एक छोटा पंथ आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांच्या प्रार्थनेला पाद्री नाही, गाणी नाहीत, घंटा नाही. सगळे एकत्र बसतात आणि गप्प राहतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उठून सांगतो, नाही तर वेळ संपल्यावर एकमेकांशी हात मिळवून घरी. मग तासभर करता तरी काय, असं मी विचारलं. "ऐकतो," सिस्टर म्हणाल्या. काय ऐकता, ते मात्र सांगितलं नाही.

त्यांच्या सभेत मतदान नसतं. एकाचंही मन तयार नसेल तर निर्णय पुढे ढकलायचा, ही त्यांची रीत. ती रीत त्यांनी आमच्या बायकांच्या सहलीलाही लावली. समुद्रावर जायचं की बागेत, यावर आम्ही हात वर करायला निघालो, तर म्हणाल्या, "हात मोजले की हरलेले घरी जाऊन फुगून बसतात. बसा जरा." बसलो. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, माझा जीव टांगणीला लागला, आणि शेवटी सगळ्या आपणहून समुद्रावर यायला तयार झाल्या. त्या सहलीत कुणीही कुणाला टोमणा मारला नाही. आमच्या मंडळात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

त्यांच्या पंथाचा वार्षिक मेळावा डिसेंबरात तिकडे भारतात भरे. त्या महिन्यात दवाखान्यात रजेसाठी रांग लागायची आणि सिस्टर नेहमी रांगेच्या शेवटी. म्हणून त्या ऑनलाइन हजर राहत, आणि एकटीनं काय बसायचं, म्हणून आम्हालाही बोलवत. मी आणि तळमजल्यावरची रुबिना जायचो. रुबिना मूळची दापोलीची, सांदणं घेऊन येई. घरात तीन मुलं, त्यामुळे तासभर गप्प बसायला मिळणं हीच तिची चैन होती.

एका वर्षी सिस्टरचा लॅपटॉप बिघडला, म्हणून मेळावा आमच्या जेवणाच्या टेबलावर भरला. त्या वर्षी त्या आल्या तेव्हाच चेहरा उतरलेला होता. गावातलं त्यांचं प्रार्थनाघर बंद पडत आलं होतं. येणारी माणसं उरली नव्हती. ते शाळकरी मुलींच्या वसतिगृहाला द्यावं, असा विचार मेळाव्यापुढे आला होता. ते घर सिस्टरच्या यजमानांनी स्वतः राबून बांधलं होतं, आणि त्यांची कबरही त्याच आवारात होती. आदल्या दिवशी बाकी सगळ्यांचं मन तयार झालं. सिस्टर एकट्या काही बोलल्या नाहीत. आज त्या नाही म्हणाल्या असत्या, तर विषय तिथेच थांबला असता.

सकाळी मौन सुरू झालं. पडद्यावर वीस-पंचवीस माणसं, डोळे मिटलेली, कुणी हलत नाही. माझा नवरा सुधीर रात्रपाळीहून येऊन झोपला होता, तो नेमका उठून बाहेर आला. त्यानं हा प्रकार पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. चित्र अडकलंय, असं त्याला वाटलं. मदतीला कायम तत्पर असलेल्या माझ्या नवऱ्यानं कुणाला न विचारता राउटरचं बटण बंद केलं.

मी इतकी ओरडले की तो दचकून मागे सरकला. मग काही केल्या ते परत लागेना. मोबाइलवरून जोडायला गेला, तर घाईघाईत पासवर्ड दोनदा चुकला. तिकडे सिस्टरवाचूनच निर्णय होऊन जाणार, या विचारानं मला रडू फुटायचं बाकी होतं. सिस्टर पदर सावरून तशाच बसून होत्या.

शेवटी चित्र आलं. सगळे तसेच डोळे मिटून बसलेले. सभा चालवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बहनजी, आप चली गई थीं. हम रुके हुए थे."

सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले. मग सिस्टर उठून उभ्या राहिल्या. हिंदीत, अगदी हळू बोलल्या. काल मला ते घर माझं वाटत होतं, म्हणाल्या, आता ते वाटणं गेलं आहे, मुलींना द्या. एवढं बोलून खाली बसल्या. रुबिनानं त्यांचा हात धरला.

सुधीर तोंड दाखवायला तयार नव्हता. सिस्टरनीच त्याला बोलावून घेतलं. "लाइन गेली तेव्हा माझ्या मनात 'नाही'च होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बंद नसती केली, तर मी नाही म्हणून मोकळी झाली असती. मले थोडा वेळ भेटला." आमच्या संसारात सुधीरच्या उतावळेपणाचं कुणी कौतुक केलं, ते तेवढंच.

पुढच्या वर्षी त्यांचा करार संपला. फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, घेऊन त्या गेल्या, त्या थेट त्या वसतिगृहात, मुलींची देखभाल करायला. दम्मामच्या विमानतळावर मी अखंड बोलत होते, कारण थांबले असते तर रडले असते.

गेल्या डिसेंबरात मेळावा त्याच घरात भरला आणि सिस्टरनी आम्हाला लिंक पाठवली. रुबिना आली, सुधीरही मुकाट्यानं येऊन बसला. मौन संपल्यावर त्या फोन हातात घेऊन आम्हाला आवार दाखवत फिरल्या. यजमानांच्या कबरीच्या अगदी वरून दोरी बांधली होती, आणि तिच्यावर मुलींचे फ्रॉक, रिबिनी, निळे गणवेश वाळत होते. खाली दोघी जणी बसून मोठमोठ्यानं पाढे म्हणत होत्या. रुबिनाला राहवेना. तुम्हाला हे चालतं का, तिनं हळूच विचारलं.

सिस्टरनी नेहमीसारखा वेळ घेतला. या खेपेला मीही मधे बोलले नाही.

"चालते ना," त्या म्हणाल्या. "लय वर्षं एकटेच होते ते."