हे घरीच राहतील

"मुद्द्यावर या," असं म्हणून बाई चष्मा कपाळावर सरकवत. चष्मा वर गेला की समोरच्याने समजावं, आता आपलं काही ऐकलं जाणार नाही. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांसमोर तो वर गेलेला मी पाहिला आहे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, ज्याच्यावाचून काम अडतं आणि ज्याच्यामुळे डोकं उठतं.

बडोद्याच्या आमच्या मराठी शाळेत बाई व्याकरण शिकवत, मी चित्रकला. गोत्री भागात नव्या सोसायट्या होऊ लागल्या तेव्हा आम्ही समोरासमोर घरं घेतली, त्यामुळे शाळा सुटली तरी माझी सुटका नसे. मी सवयीने "चालशे" म्हटलं की बाई "चालेल" म्हणत, आणि मी ते सुधारून म्हणेपर्यंत पुढे बोलत नसत. ब्लाउज द्यायला आलेल्या शिंप्यालाही त्यांनी पावतीवरचा ऱ्हस्व-दीर्घ दाखवलेला मला आठवतो.

त्यांचे यजमान रिफायनरीतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. आम्ही त्यांना काका म्हणायचो. निवृत्तीला वर्ष होत नाही तोच त्यांना कावीळ झाली, आणि तपासण्यांत तिच्यामागे स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तो यकृतातही पसरला होता.

डॉक्टरांकडे जाताना बाईंनी मला बरोबर घेतलं. "मी ऐकलं तेच ते बोलले का, हे नंतर सांगायला कुणीतरी हवं."

डॉक्टर भला माणूस. नव्या औषधांबद्दल बोलला, देवाबद्दल बोलला. चष्मा वर गेला.

"मुद्द्यावर या, डॉक्टर. किती महिने?"

"बेन, ए तो उपरवाळाना हाथमां छे."

"ते मला माहीत आहे. तुमच्या अंदाजाने किती?"

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "सांगून टाका. नाहीतर ही तुम्हाला शाळेत बोलावून घेईल."

चार, फार तर सहा, असं उत्तर आलं.

घरी आल्यावर काका झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "मला नळ्या नकोत. दुखू नये एवढं बघ. आणि मला घरीच राहू दे." बाई "बरं" म्हणून आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या आल्या चहा आणि एक फुलस्केप कागद घेऊन. "आता हेच क्रमाने लिहा." मला इतका राग आला की मी चहाला हात लावला नाही. काकांनी मात्र मांडीवर पाट घेऊन स्वतःच्या अक्षरात लिहिलं. बाईंनी त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली, मग त्यांची सही घेतली, आणि साक्षीदार म्हणून माझी.

त्या कागदाच्या प्रती निघाल्या. एक आमच्या फॅमिली डॉक्टरांना, एक पुण्याच्या मुलीला, एक नागपूरच्या दिरांना, एक मला. फॅमिली डॉक्टर घरी यायला तयार झाले. दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या आम्हाला बडोद्यात कुठल्याच दुकानात मिळेनात. अहमदाबादच्या एका रुग्णालयात त्या मिळतात असं कळल्यावर बाई दर पंधरा दिवसांनी सकाळच्या गाडीने स्वतः जाऊन आणू लागल्या. त्या दिवशी काकांजवळ बसायला मी. माझ्या रजा संपत आल्या आहेत का, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही.

"गेली का?" काका विचारायचे. "मग सेवउसळ आण."

मी आणायची. ते दोन चमचे खायचे आणि वाटी बाजूला ठेवायचे. बाई परत आल्या की दारातच त्यांना वास लागे. मी मान खाली घालून उभी राही. एकदा त्या एवढंच म्हणाल्या, "तिखट कमी घालायला सांगितलं होतंस ना?"

भेटायला येणाऱ्यांसाठी त्यांनी फाटकावर पाटी लावली, 'भेटीची वेळ चार ते पाच. औषधे सुचवू नयेत.' सगळी सोसायटी दुखावली. शेजारच्या गुजराती बेन माझ्याकडे येऊन डोळे पुसत. त्यांची समजूत घालायची मी, सोसायटीच्या बैठकीत बोलणी खायची मी. आणि एका रविवारी याच बाई मला एसटीत बसवून डभोईला घेऊन गेल्या, पुड्या देणाऱ्या एका वैद्याकडे. तीन तास रांगेत बसलो. येताना त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हे कुणाला सांगायचं नाही." त्या पुड्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

मग नागपूरहून दीर आले. "वहिनी, दादाला मुंबईला नेऊ. उपचारच केले नाहीत असं लोक म्हणतील."

"भावजी, मुद्द्यावर या. त्यांच्यासाठी न्यायचंय की लोकांसाठी?"

दीर भरल्या ताटावरून उठले. आतून काकांनी हाक मारली, "अरे, इकडे ये. पाय चेप जरा." तासभर ते भावाचे पाय चेपत बसले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. मुंबईचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. "हे घरीच राहतील," बाई म्हणाल्या आणि त्यांचं ताट पुन्हा वाढलं.

चौथा महिना संपत आला होता. मी शाळेतून येऊन दुपारची जेवत होते, तोच बाई भर उन्हात अनवाणी रस्ता ओलांडून आल्या.

"अँब्युलन्स बोलव. आत्ताच्या आत्ता."

मी उष्ट्या हातानेच उठले.

"बाई, काकांनी लिहून दिलंय..."

"चुलीत गेला तो कागद! त्याला श्वास येत नाहीये!"

काकांना अरे-तुरे केलेलं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी फोन उचलला, पण फिरवला फॅमिली डॉक्टरांचा नंबर. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझ्या दंडावर चापट मारली, चांगली जोरात. "मी काय सांगितलं तुला?"

माझाही तोल गेला. "चार महिने आम्हा सगळ्यांचा जीव खाल्लात, तो कशासाठी मग?"

त्या माझ्या पायरीवर खाली बसल्या. मी डॉक्टरांना लगेच यायला सांगितलं, बाईंना उठवलं आणि आम्ही दोघी काकांकडे गेलो. त्यांच्या छातीची घरघर दारातूनच ऐकू येत होती.

डॉक्टर पंधरा मिनिटांत आले. काकांना कुशीवर वळवलं, उशी उंच केली, इंजेक्शन दिलं. घरघर कमी झाली. "हा आवाज ऐकवत नाही आपल्याला. त्यांना त्याचा त्रास होत नाहीये," ते म्हणाले. बाईंनी कुणालाच मुद्द्यावर यायला सांगितलं नाही.

काका आणखी दोन दिवस होते. मुलगी येऊन पोचली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ते गेले. तेव्हा बाई त्यांच्या हाताची नखं कापत होत्या. राहिलेली तीन बोटं पुरी करूनच त्या उठल्या.

चौदाव्या दिवशी त्या वर्गावर हजर. माझ्याशी कामापुरतं बोलत. तीन वर्षं त्या दुपारबद्दल एक अक्षर नाही. मग त्या निवृत्त झाल्या, घर विकलं आणि पुण्याला मुलीकडे निघाल्या. मी स्टेशनवर पोचवायला गेले. सामान नीट लावून झाल्यावर त्या खिडकीशी आल्या.

"त्या दिवशी तू बरोबर होतीस."

"जाऊ द्या हो, बाई."

"पूर्ण ऐक. तू बरोबर होतीस, आणि मी तुला अजून माफ केलेलं नाही."

चार महिने राबले, रजा घालवल्या, शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली, वर मार खाल्ला, आणि माफी मी मागायची?

"दवाखान्यात नेलं असतं तर आणखी चार दिवस राहिले असते कदाचित," बाई म्हणाल्या. "माझ्यावर रागावले असते. रागावलेले का होईना, पण असते."

गाडी हलली. त्यांनी हात केला नाही, मीही केला नाही. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी तशीच चिडून उभी होते. मग फलाटावरच्या बाकावर बसले, आणि चांगला अर्धा तास मला उठता आलं नाही.