रक्षाला ध्यान लागायचं

ताकसांडे गुरुजी निवृत्त झाले तरी समुद्रपूर तालुक्यातल्या शाळा काही त्यांचा पिच्छा सोडायला तयार नव्हत्या. दोन हजार आठ सालच्या जुलैत अश्विन नावाचा एक तरुण मास्तर मोटारसायकलीवरून चिखल उडवत त्यांच्या दारी आला. मुलांना डोळे मिटून शांत बसवायचं, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवायचं, असं वारं तेव्हा शाळाशाळांतून वाहू लागलं होतं. आणि या भागात हे सगळ्यांत आधी कुणी केलं असं विचारलं की जो तो हेमराज ताकसांडेंचं नाव सांगे. गुरुजींनी त्याला चहा पाजला, गरम भजी खाऊ घातली आणि नाही म्हणून सांगितलं. "म्हातारा भाव खाऊन राह्यला," असं अश्विन चौकात जाऊन म्हणाला. दोन हजार एकनंतर गुरुजींनी एकाही पोराला डोळे मीट म्हटलं नव्हतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. का म्हटलं नव्हतं, ते तर गावालाही ठाऊक नव्हतं.

गुरुजी मुळात छडीवाले. गिरडच्या अलीकडे एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची अर्धी नोकरी गेली, आणि त्या अर्ध्या नोकरीत गावातल्या कडुनिंबाच्या कितीतरी फांद्या गेल्या. गुरुजी फाटकातून शिरले की पोरं चळचळ कापत. बायको सुलोचनाबाई एक दिवस वैतागून म्हणाली, "बुद्धाचं नाव घेता अन् लोकायच्या लेकरायले ढोरावानी बदडता. शोभते का जी तुमाले?" तिच्याच आग्रहानं नव्याण्णव साली ते नागपूरला दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊन बसले. आले ते खरोखर बदलून आले. छडी त्यांनी स्वतःच्या हातानं चुलीत घातली.

मग शाळेत रोज प्रार्थनेनंतर ध्यान सुरू झालं. पोरांनी टाटपट्टीवर मांडी घालायची, डोळे मिटायचे आणि नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. शिबिरात बजावून सांगितलं होतं की श्वास जसा येतो तसा येऊ द्यायचा, त्याच्याशी खेळायचं नाही. पण पोरं ती पोरं. कुणी एक डोळा किलकिला करी, कुणी शेजाऱ्याला चिमटा काढी. तेव्हा गुरुजींनी आपल्या पदरची एक भर घातली. आधी सगळ्यांनी लोहाराच्या भात्यासारखा जोरजोरात श्वास घ्यायचा, आणि गुरुजींनी टाळी वाजवली की एकदम गप्प व्हायचं. पोरांना भारी मजा वाटू लागली. आपण शिकलो त्यात सुधारणा करायची खोड मास्तर लोकांना असतेच. शिबिरात कुणाला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

रक्षा तेव्हा तिसरीत होती. बाप सालदार, आई कमला रोजानं निंदायला जाणारी. पोरगी अभ्यासात अगदीच मागे. धडा वाचता वाचता मध्येच थांबायची आणि ओळ हरवून बसायची. पाढा म्हणताना तोंड अर्ध्यावर मिटायचं. "लक्ष कुठं आहे तुझं?" म्हणून दुसरे मास्तर तिला येता-जाता टपली मारत. ध्यानात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भाता थांबतो न थांबतो तोच ती अशी निश्चल होई की बघत राहावं. डोळे अर्धवट उघडे, नजर कुठेतरी लांब, पापण्या किंचित थरथरताहेत. शेजारी कुणी खिदळलं तरी तिला पत्ता नसे. एकदा गुरुजींनी नाव घेऊन हाक मारली, तरी ओ नाही. थोड्या वेळानं आपणच भानावर येऊन ती इकडेतिकडे बघू लागली. गुरुजींच्या अंगावर काटा उभा राहिला. आपल्याला दहा दिवसांत जे जमलं नाही, ते या एवढ्याशा पोरीला जमतंय, असं त्यांना वाटलं.

आणि खरं सांगायचं तर त्यांना ते वाटून घ्यायचंच होतं. गावात कुजबुज सुरू झालेली होती. किराणावाला चंद्रभान तर तोंडावरच बोलला होता, "गुरुजी, आमच्या लेकरायले तुमच्या धर्मात नेऊन राह्यले का?" गुरुजी वादात पडले नाहीत. त्याला शाळेत बोलावलं आणि रक्षा दाखवली. चंद्रभान चाट पडला. "बापा, पोट्टी तं समाधीतच गेली!" म्हणत त्यानं हात जोडले, आणि कुजबुज थांबली. मग सरपंच येवोत की केंद्रप्रमुख, रक्षाला पहिल्या ओळीत मधोमध बसवायचं ठरूनच गेलं. "शिका हिच्यापासून," गुरुजी बाकीच्यांना म्हणत. जन्मात कुणी शाबास म्हटलं नव्हतं ती पोरगी आता वेण्यांना लाल फिती बांधून सगळ्यांच्या आधी शाळेत येऊ लागली.

एका संध्याकाळी कमला शेतातून परस्पर शाळेत आली.

"गुरुजी, पोरगी मधातच हरवते जी. जेवता जेवता घास हातातच राह्यते तिचा. हाक देल्ली तरी आयकत नाई. मले भेव लागते."

गुरुजी हसले. "भेवाचं काही नाई कमलाबाई. तिचं मन आत वळून राह्यलं. लोकायले याच्यासाठी वर्षं लागते. असं झालं का तिले हलवत नका जाऊ."

शिकलेल्या माणसानं सांगितलं म्हटल्यावर तिचा प्रश्न मिटला. पदर सावरून ती निघून गेली. पुढं कधी तिनं तो विषय काढला नाही. ती पुन्हा एकदा तरी विचारायला आली असती तर, असं गुरुजींना नंतर कितीदा वाटलं. पण तिनं का यावं? दार त्यांनीच लावलं होतं.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातून डॉक्टरांची तुकडी शाळेत मुलांची तपासणी करायला आली. दात, डोळे, नखं बघून झाल्यावर गुरुजींनी हौसेनं ध्यानाचा तास मांडला. भाता झाला, टाळी वाजली, रक्षा गेली. डॉक्टर माधवी म्हणून एक बाई होत्या, त्या तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. तिच्या डोळ्यांसमोरून हात फिरवला, कानाशी चुटकी वाजवली, तिच्या ओठांची बारीक हालचाल बघत राहिल्या. वा म्हणाल्या नाहीत.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली," गुरुजी छाती फुगवून म्हणाले.

बाईंनी तिला सावंगीला घेऊन यायला सांगितलं. कमला आणि रक्षाबरोबर गुरुजीही गेले. तिथं डॉक्टरबाईंनी कागदाची एक पट्टी रक्षाच्या तोंडासमोर धरली आणि तिला फुंकत राहायला सांगितलं. रक्षा फुंकत राहिली. पट्टी फडफडत होती ती एकदम लोंबकळली. डोळे अर्धवट उघडे, नजर लांब, पापण्या थरथरताहेत. गुरुजींना ती शांतता ओळखायला वेळ लागला नाही.

"ही फिट आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळ्याच फिटमध्ये हातपाय झाडत नाहीत. दिवसातून कितीतरी वेळा येत असेल. जोरानं श्वास घेतला की हमखास येते, म्हणून आम्ही अशी तपासतो. तुमच्यामुळे आजार झालेला नाही गुरुजी, पण तो रोज सकाळी तुमच्यासमोर येऊन बसत होता." मग त्या कमलाकडे वळल्या. "आई, तुम्हाला घरी काहीच जाणवलं नाही?"

कमलानं गुरुजींकडे पाहिलं.

गोळ्या सुरू झाल्या. एक दिवसही चुकवायच्या नाहीत, मध्येच बंद केल्या तर मोठी फिट येईल, असं डॉक्टरबाईंनी दोनदा बजावलं. महिनाभरात फरक पडला. रक्षाची ओळ हरवेना, पाढा शेवटपर्यंत जाऊ लागला. शाळेत गुरुजींनी भाता बंद केला. रक्षाला पहिल्या ओळीतून उठवून मागे, दोघीतिघींच्या घोळक्यात बसवलं. का, ते सांगितलं नाही. पोरगी लहान आहे, तिला कशाला दुखवा, असं ते स्वतःला समजावत. खरी गोष्ट अशी की चंद्रभान काय म्हणेल, तालुका कसा हसेल, याचीच त्यांना धास्ती होती. जे आहे ते आहे तसं बघा, असं दोन वर्षं पोरांना शिकवणाऱ्या माणसाला जे आहे ते आहे तसं बोलता येईना.

दिवाळीच्या सुट्टीत निरोप आला. रक्षा चुलीपुढं भाकरी टाकत होती, मोठी फिट आली आणि डावा हात कोपरापर्यंत विस्तवात गेला. गुरुजी मिळेल त्या एसटीनं सावंगीला पोचले. कमला वॉर्डाच्या दाराशी बसली होती. रोज आपल्या हातानं गोळी देत होते, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. देत होती हे खरंच होतं. पोरगी ती गालात धरायची आणि गोठ्यामागं जाऊन थुंकायची, हे आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी रक्षाकडूनच काढून घेतलं होतं.

गुरुजी खाटेजवळ बसले. "गोळ्या काऊन थुकल्या बेटा?"

रक्षा चादरीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "गोळी घेतली का ध्यान लागत नाई जी. सगळं आयकू येते. डास चावते तेही समजते. मनून तुमी मले मांगं बसवलं." मग हळूच म्हणाली, "नाई घेतल्या तं लागाले लागलं होतं."

गुरुजींना वाटलं, इथून उठावं आणि पाय नेतील तिकडे चालत सुटावं. पण निदान आज तरी पळायचं नव्हतं.

"रक्षा, ते ध्यान नव्हतं," ते म्हणाले. "बिमारी होती ते. मलेच समजलं नाई. तुही माय सांगत होती, मी आयकलं नाई. मांगं बसवलं ते माही शरम झाकाले. तुही काही चुकी नाई बेटा, सगळी माही हाये."

एवढं बोलल्यावर पोरगी सुटेल, हलकी होईल, अशी त्यांची समजूत होती. रक्षानं पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मंग मले एकडावही नाई लागलं?"

एकदा तरी लागलं होतं असं म्हणावं, हे गुरुजींच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं आणि नाही म्हणून मान हलवली. रक्षानं भिंतीकडे तोंड केलं आणि ती रडू लागली. पट्टी बदलतानाही ती एवढी रडली नव्हती, असं कमला दारातून सांगत होती.